टाळ्या वाजवणारे आणि मत देणारे

प्रचार रंगात आला की नौपाड्यापासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही पक्षाच्या कार्यालयात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘लोकांना हेच आवडतं, साहेब.’ हेच म्हणजे समोरच्याची सभेत लाज काढणं, त्याच्या घरादारापर्यंत जाणं, त्याच्या चालण्या-बोलण्याची नक्कल करणं. वक्ता पाणीपुरवठ्याचे आकडे सांगू लागला की मागच्या रांगा उठतात आणि प्रतिस्पर्ध्याची सालं काढू लागला की शिट्ट्या पडतात, हे कार्यकर्त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे त्यांचा या वाक्यावर मनापासून विश्वास असतो. पुढारीही पातळी सोडून बोलल्यावर हाच आधार घेतात. जनतेची भाषा आहे, जनतेला कळते, आम्ही काय करणार.

हे वाक्य खरं नाही, असं मला ठामपणे म्हणायचं आहे. गेल्या वीसेक वर्षांत राज्यशास्त्रानं आणि राजकीय मानसशास्त्रानं या प्रश्नावर बरंच काम केलं आहे, आणि त्यातून दिसणारा मतदार या वाक्यातल्या मतदारापेक्षा फार वेगळा आहे. आपल्या राजकारणाची भाषा बिघडली याचा दोष आपण उठता-बसता मतदाराच्या माथी मारतो. तो दोष त्याचा नाही.

ठाण्यात हा विषय पुस्तकी राहिलेला नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा त्या फुटीचं केंद्र ठाणे होतं. पुढच्या दोन वर्षांत ‘गद्दार’, ‘खोके’, ‘खंजीर’ हे शब्द इथल्या नाक्यानाक्यावर ऐकू आले. वर्षानुवर्षं एकाच शाखेत बसलेली माणसं एकमेकांवर धावून गेली. शाखा कोणाची, दहीहंडी कोणाची, दिघेसाहेबांचा वारसा कोणाचा, यावरून पोलीस बोलवावे लागले. मे २०२४ च्या लोकसभेला ठाण्यातून समोरासमोर उभे राहिलेले प्रमुख उमेदवार दोघंही याच शहराचे माजी महापौर, दोघंही जुने शिवसैनिक. गडकरी रंगायतनच्या कट्ट्यावर बसून या शहराचं राजकारण पाहणाऱ्याला या काळात भाषेचं काय झालं हे कोणी वेगळं सांगायला नको.

आता संशोधन काय म्हणतं ते पाहू. जेरेमी फ्रायमर आणि लिंडा स्किटका या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या राजकारण्यांच्या बोलण्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. राजकारण्याची सभ्य विधानं आणि असभ्य विधानं लोकांपुढे ठेवायची आणि त्याच्याविषयीचं मत कसं बदलतं ते मोजायचं, हा त्याचा गाभा. विरोधकांच्या मनातून असभ्य बोलणारा उतरला, यात नवल नाही. पण त्याच्या स्वतःच्या समर्थकांच्या मनातूनही तो काही अंशी उतरला. डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाबतीतही हेच आढळलं. ज्यांच्या टाळ्यांसाठी म्हणून हे बोललं जातं, त्यांनाही ते खटकतं.

मग तरी राजकारणी असं का बोलत राहतात? याचं उत्तर त्याच फ्रायमर यांच्या पुढच्या अभ्यासात सापडतं. २००९ ते २०१९ या काळातली अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांची सुमारे १३ लाख ट्वीट त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. त्या दहा वर्षांत असभ्यता २३ टक्क्यांनी वाढली होती. असभ्य ट्वीटना लाइक जास्त मिळत होते, ती पुढे जास्त पाठवली जात होती, आणि ज्याला असे लाइक मिळाले तो पुढच्या वेळी आणखी खाली घसरत होता. म्हणजे लोकांच्या मनातली किंमत कमी होत होती आणि मोबाइलच्या पडद्यावरचे आकडे वाढत होते. राजकारण्याला रोज दिसतात ते आकडे. मनातली किंमत दिसायला पाच वर्षं जावी लागतात, आणि तेव्हाही ती इतर पन्नास कारणांत मिसळलेली असते.

चाळीत भांडण लागलं की चारही मजले कठड्याला येऊन उभे राहतात, म्हणून भांडणाऱ्याला कोणी चाळ कमिटीचा सेक्रेटरी करत नाही. पाहणं आणि पसंत करणं यातला हा फरक चाळीतल्या माणसाला पक्का ठाऊक असतो. वृत्तवाहिन्यांच्या आणि पक्षांच्या समाजमाध्यम कक्षांच्या हिशेबात मात्र तो धरलाच जात नाही.

टाळ्या वाजवणारे कोण असतात, हेही पाहायला हवं. याना क्रुपनिकोव्ह आणि जॉन बॅरी रायन या अभ्यासकांनी अमेरिकी समाजाविषयी दाखवून दिलं की खरी दरी दोन पक्षांमध्ये आहे तेवढीच, किंबहुना त्याहून जास्त, राजकारणात आकंठ बुडालेले थोडे आणि बाकीचे पुष्कळ यांच्यात आहे. बुडालेले मोठ्यानं बोलतात, रोज बोलतात, म्हणून तेच समाज आहेत असं वाटू लागतं. आपल्या सभेचं गणितही यापेक्षा वेगळं नाही. वागळे इस्टेटमधल्या किंवा कोपरखैरण्याच्या मैदानावरच्या सभेत पुढच्या रांगांत बसलेली माणसं कुठल्या वॉर्डातून, कोणाच्या गाडीतून आली हे संयोजकांना पाठ असतं. त्यांच्या शिट्ट्यांवरून घोडबंदर रोडच्या किंवा नेरुळच्या मतदाराची आवड ठरवणं म्हणजे वऱ्हाड्यांना विचारून लग्न कसं झालं ते ठरवण्यासारखं झालं.

दूरचित्रवाणीचं काय? डायना मट्झ आणि बायरन रीव्ह्स यांचा २००५ मधला प्रयोग या क्षेत्रात फार गाजला. त्यांनी नट घेऊन काल्पनिक उमेदवारांचे वाद चित्रित केले. मुद्दे तेच, मतभेद तेवढेच. एका आवृत्तीत दोघं एकमेकांचं ऐकून घेतात, दुसऱ्या आवृत्तीत मध्येच तोडतात, डोळे फिरवतात, तुच्छतेनं उसासे टाकतात. दुसरी आवृत्ती प्रेक्षकांना जास्त रंजक वाटली. तीच पाहून राजकारण्यांवरचा आणि एकूण व्यवस्थेवरचा त्यांचा विश्वासही कमी झाला. मट्झ यांनी पुढे आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला जास्त गंभीर वाटते. नावडत्या उमेदवाराचा चेहरा अगदी जवळून, पडदाभर दाखवला आणि तो उर्मट बोलत असला, तर प्रेक्षकाला त्याचं म्हणणं चुकीचं तर वाटतंच, शिवाय त्या बाजूला काही म्हणण्यासारखं असू शकतं हेच तो मानेनासा होतो. विरोधकालाही काही बाजू असते, ही जाणीव गेली की निवडणुकीनंतर एकाच सभागृहात बसून अर्थसंकल्प मंजूर करायचा कसा? आपल्या वाहिन्यांवर संध्याकाळी आठ-दहा चौकटींत एकाच वेळी ओरडणारे चेहरे रोज दिसतात. त्यातून प्रेक्षक टिकतो, हे वाहिन्यांचं म्हणणं बरोबर आहे. प्रेक्षक टिकवण्याची किंमत कोण भरतं, याचा हिशेब त्यांनी अजून दिलेला नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. सभ्यतेचा आग्रह हा पोट भरलेल्यांचा आग्रह असतो, असं म्हटलं जातं. ज्याची जमीन गेली त्यानं काय मंजूळ बोलायचं? नवी मुंबई ज्या जमिनीवर उभी आहे ती ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांची, मीठ पिकवणाऱ्यांची. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील सरकारबद्दल गोड बोलत नव्हते. त्यांनी गोड बोलावं अशी अपेक्षा करणंही अन्यायाचं झालं असतं. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती त्या तिखट आवाजामुळे, कोणी विनंतीअर्ज केला म्हणून नव्हे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’नं काय भाषा वापरली, हेही मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. दबलेल्या माणसाला ‘आधी नीट बोल’ म्हणून गप्प बसवण्याचा उद्योग सत्तेनं नेहमीच केला आहे, आणि सभ्यतेची बाजू मांडणाऱ्यानं हे विसरून चालणार नाही.

संशोधन याच ठिकाणी उपयोगी पडतं, कारण ते तिखट आणि असभ्य यांना एका पारड्यात टाकत नाही. झिझी पापाचारिसी यांनी २००४ मध्येच सुचवलं होतं की उद्धट शब्द ही एक गोष्ट आणि समोरच्याचा बोलण्याचा हक्कच नाकारणं, त्याच्या अख्ख्या समूहाला हलकं लेखणं ही दुसरी. लोकशाहीला धोका दुसरीचा. किम फ्रिडकिन आणि पॅट्रिक केनी यांनी प्रचारातल्या नकारात्मक जाहिराती तपासल्या, तेव्हा मतदार टीका आणि टीकेतला फरक ओळखतो असं दिसलं. टीका उमेदवाराच्या सार्वजनिक कामाशी संबंधित आहे का आणि ती कशा भाषेत आहे, हे तो दोन्ही पाहतो. कामाशी संबंधित कडक टीका त्याला हवी असते, कारण तिच्यातून त्याला काही कळतं. खासगी आयुष्यावरची चिखलफेक त्याला निरुपयोगी वाटते.

हा निकष लावून आपल्याकडचे शब्द तपासायला हरकत नाही. ‘गद्दार’ हा कठोर शब्द आहे, पण तो एका सार्वजनिक कृतीबद्दल आहे: निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीनं बाजू बदलली. तिकडून येणारा ‘यांनी विचार सोडले’ हा आरोपही तसाच सार्वजनिक आहे. या दोन्हींना मी असभ्य म्हणणार नाही; २०२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ठाण्याच्या मतदाराला हेच तर ठरवायचं होतं. विधानभवनाच्या पायऱ्यांवर ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेली ‘पन्नास खोके’ची घोषणा ही पैशाच्या व्यवहाराचा आरोप होती, आरोप करणाऱ्यावर पुरावा देण्याची जबाबदारी येते आणि घोषणा झाली की ती जबाबदारी झटकली जाते, हा तिचा दोष. त्यानंतर जे सुरू झालं ते मात्र यापैकी कशातच बसत नाही. कोणाचा बाप कोण, कोणाच्या चेहऱ्यावर काय, कोणाची बायको काय करते, कोणी पूर्वी कुठलं वाहन चालवायचा. यातल्या एकाही वाक्यातून मतदाराला आपल्या नगरसेवकाबद्दल, आमदाराबद्दल काडीचीही माहिती मिळत नाही. आणि कष्टाच्या कामावरून टवाळी झाली की तेच काम करणाऱ्या हजारोंना ती लागते. वागळेतल्या आणि तुर्भ्यातल्या कामगारवस्तीत ती कशी ऐकली जात असेल, याचा विचार व्यासपीठावरच्यांनी केलेला दिसत नाही.

निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिताही हीच रेषा ओढते. टीका धोरणं, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी यांपुरती असावी; सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्याला हात घालू नये. रेषा बरोबर आहे, तिची धार बोथट आहे. एप्रिल २०१९ मध्ये आयोगानं चार बड्या नेत्यांवर ४८ ते ७२ तासांची प्रचारबंदी घातली, त्याची आठवण अजून काढावी लागते, कारण त्यापुढे जाणारं फारसं काही घडलेलं नाही.

एका बाबतीत मात्र सभ्यतेच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी जपून बोलावं. ‘या घाणेरड्या भाषेमुळे लोक मतदानाला येत नाहीत’ असं सर्रास म्हटलं जातं. रिचर्ड लाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तोवरच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. नकारात्मक प्रचारानं मतदान घटतं असं त्यातून सिद्ध झालं नाही. गंमत म्हणजे तसा प्रचार करणाऱ्याचा फायदा होतो, हेही सिद्ध झालं नाही. व्यवस्थेवरचा विश्वास मात्र थोडा घटतो, असं आढळलं. तेव्हा मे २०२४ ला ठाणे मतदारसंघात मतदान जेमतेम ५२ टक्के आणि कल्याणला ५० टक्के झालं, त्याची कारणं इतरत्र शोधावी लागतील: यादीतून गायब झालेली नावं, सोमवारी आलेलं मतदान आणि त्याला जोडून आलेला शनिवार-रविवार, आणि घणसोली-कोपरखैरण्यातले असंख्य मतदार, ज्यांचं मन आणि कित्येकदा मतदारयादीतलं नावही साताऱ्या-सांगलीकडच्या गावात असतं.

भाषेमुळे माणूस मतदान केंद्रापासून दूर जात नसेल, पण चर्चेपासून नक्की जातो. एमिली सिडनॉर यांनी दाखवलं आहे की भांडणाकडे पाहण्याचा प्रत्येकाचा पिंड वेगळा असतो. काहींना वादात चेव येतो, काहींना वाद दिसला की पोटात गोळा येतो. असभ्य वातावरणात पहिले टिकतात आणि दुसरे गप्प होतात. ठाण्या-नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जा, वर्णनात लिहिलेलं असतं: राजकीय पोस्ट टाकू नयेत. दोन-तीन रहिवासी रात्रंदिवस एकमेकांच्या नेत्यांची धिंड काढत होते, म्हणून वैतागून केलेला नियम. त्याचा परिणाम पाहा. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत टँकर किती वाजता येणार यावर शंभर संदेश पडतात. पाणी का येत नाही, महापालिकेनं परवानग्या देताना पाण्याचा विचार केला होता का, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकानं सभागृहात कधी प्रश्न विचारला का, हे विचारलं की ‘राजकारण नको’. शिवीगाळ करणारे दोघं-तिघं आणि त्यांच्यामुळे बंदी चारशे घरांच्या सार्वजनिक बोलण्यावर.

अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन यांनी २०२२ मध्ये अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या लोकांवर केलेला अभ्यास इथे लागू पडतो. चांगली माणसं ऑनलाइन गेली की बिघडतात, असा आपला समज. त्यांना असं दिसलं की जे ऑनलाइन अंगावर येतात ते प्रत्यक्षातही तसेच असतात. फरक एवढाच की ऑनलाइन त्यांचं वागणं सगळ्यांना दिसतं. असं असेल तर उपायही सरळ आहे. ग्रुपचा नियम ‘राजकारण नको’ असा न ठेवता ‘व्यक्तीवर घसरायचं नाही’ असा ठेवावा, आणि घसरणाऱ्याला बाहेर काढावं. अॅडमिनला यात वाईटपणा घ्यावा लागेल. तो त्यानं घ्यावा, असं मला वाटतं.

या सगळ्याची सर्वांत मोठी किंमत बायका मोजतात. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ठाणे महापालिकेच्या १३१ जागांपैकी ६६ आणि नवी मुंबईच्या १११ पैकी ५६. जागा कायद्यानं मिळते, पण उभं राहायचं की नाही हे घरात ठरतं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास अॅम्नेस्टी इंडियानं ९५ महिला राजकारण्यांना उद्देशून आलेली १ लाख १४ हजारांवर ट्वीट तपासली. सातातलं एक त्रासदायक किंवा अपमानास्पद होतं, आणि मुस्लिम स्त्रियांवर धर्माचा उद्धार करणारे शब्द इतरांपेक्षा कितीतरी अधिक आले होते. ही नावाजलेल्या नेत्यांची गत. कळव्यात बचत गट चालवणारी, सीवूड्समध्ये शाळेत शिकवणारी, दिघ्यात अंगणवाडीत काम करणारी बाई हे पाहते. तिच्या सासरचे पाहतात. तिची मुलं शाळेत जातात आणि त्यांच्या मित्रांच्या घरीही मोबाइल असतात. मग ती ‘नको रे बाबा’ म्हणते, आणि त्या जागेवर कुठल्यातरी भाऊंच्या पत्नीचा अर्ज भरला जातो. त्या पत्नीही कर्तबगार असू शकतात, माझा त्याला विरोध नाही. पण स्वतःच्या बळावर येऊ शकणारी एक पूर्ण पिढी आपण उंबऱ्याच्या आत अडवून धरतो आहोत, आणि हे नुकसान कुठल्याच निकालात दिसत नाही.

मग मतदाराला जर हे आवडत नाही, तर तो अशा उमेदवाराला पाडत का नाही? हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. मॅथ्यू ग्रॅहम आणि मिलन स्वोलिक यांनी २०२० मध्ये अमेरिकी मतदारांचं मोजमाप केलं: आपल्या पक्षाचा उमेदवार लोकशाहीचे नियम मोडतो म्हणून त्याला मत नाकारतील असे निघाले जेमतेम साडेतीन टक्के. कारण उघड आहे. हातात मत एक, आणि त्यात पक्ष, जात, धोरण, नेतृत्व, स्थानिक कामं आणि उमेदवाराची जीभ असं सगळं एकत्र बांधलेलं. जिभेला नकार द्यायचा तर बाकी सगळ्यावर पाणी सोडावं लागतं. लोकसभेला-विधानसभेला आपल्याकडेही हेच होतं.

महापालिकेत मात्र होत नाही, आणि याकडे कोणी पुरेसं लक्ष दिलेलं नाही. आपल्या बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक असतात, अ, ब, क, ड. मतदार चार वेगळी मतं देतो. तीन मतं आपल्या पक्षाला देऊन चौथ्या, तोंडाळ उमेदवाराच्या जागी दुसऱ्याला किंवा ‘नोटा’ला मत देण्याची सोय त्याला आहे, पक्ष न सोडता, कोणाला न दुखावता. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून प्रशासकांचा कारभार होता आणि जानेवारी २०२६ मध्ये दीर्घ काळानंतर दोन्ही ठिकाणी महापालिकेसाठी मतदान झालं. एकाच प्रभागात, एकाच चिन्हावर उभ्या असलेल्या चौघांना, म्हणजे एका पॅनेलला, पडलेली मतं सारखी नसतात. त्या फरकामागे राखीव प्रवर्ग, समोरचा उमेदवार, जुनी कामं, भावकी असं बरंच काही असतं. त्यात भाषेचा वाटा किती, हे शोधता येईल. चारही उमेदवारांची प्रचारातली भाषणं आणि चित्रफिती लोकांच्या मोबाइलमध्ये आहेत, उमेदवारनिहाय मतं अधिकृतपणे जाहीर झाली आहेत. ठाण्यातल्या आणि वाशी-नेरुळच्या महाविद्यालयांत राज्यशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांनी या दोन शहरांतले दहा-पंधरा प्रभाग घ्यावेत, प्रत्येक पॅनेलमधला सर्वांत शिवराळ उमेदवार कोण हे ठरवण्याचे निकष आधी लिहून काढावेत, मग त्याला त्याच्याच पॅनेलमधल्या इतरांपेक्षा किती मतं कमी किंवा जास्त पडली ते मोजावं, आणि तो तक्ता पुढच्या वेळी तिकीटवाटपाला बसणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या शहरप्रमुखाच्या टेबलावर नेऊन ठेवावा.